आठला निघालो, आठलाच पोचलो

शनिवारी सकाळी आठ वाजता आमची बोट सिंगापूरच्या तानाह मेराह धक्क्यावरून सुटली आणि सकाळी आठ वाजताच इंडोनेशियाच्या बिंतान बेटाला लागली. मधे तासभर समुद्र होता, पोटात ढवळणं होतं, शेजारच्याचं घोरणं होतं. पण घड्याळाच्या हिशेबी काहीच घडलं नव्हतं. सिंगापूरचं घड्याळ बिंतानच्या एक तास पुढे चालतं. नकाशा पाहिला तर सिंगापूरला एवढं पुढे असायचं काही कारण नाही. १९८२ साली मलेशियाने आपलं घड्याळ अर्धा तास पुढे सरकवलं, म्हणून सिंगापूरनेही सरकवलं. समोरच्या बिऱ्हाडाने फ्रिज घेतला की आपल्याकडे जो प्रकार होतो, तोच.

मला गोल्फ येत नाही. हे वाक्य मी ऑफिसात अकरा वर्षं अभिमानाने म्हणत आलो. या अकरा वर्षांत ज्यांना गोल्फ येतं त्यांच्या खुर्च्या एकेक करून खिडकीकडे सरकल्या आणि माझी झेरॉक्स मशीनकडे सरकली. तेव्हा परवा साहेबांनी ‘वीकएंडला बिंतानला येतोस का, चौथा माणूस कमी पडतोय,’ असं विचारलं तेव्हा मी खेळाचा विचार केला नाही, खिडकीचा केला. सिंगापुरात साहेबाला नावाने हाक मारायची पद्धत आहे. त्यामुळे सगळे सारखेच, असा एक गोड समज होऊन बसतो. तो समज गोल्फच्या मैदानावर अठरा टप्प्यांत दूर करतात.

‘अरे, मागच्या रविवारी पंखा पुसायला स्टुलावर चढलास तर दोन दिवस कंबर धरून बसला होतास,’ बायको म्हणाली. मग तिने विमा उतरवला. इथे प्रवासविम्यात गोल्फचं वेगळं कलम मिळतं. काठ्या हरवल्या तर भरपाई, काठी दुसऱ्याच्या डोक्यात बसली तर भरपाई, इथपर्यंत माझ्या मध्यमवर्गीय बुद्धीला कळलं. पुढचं कलम मात्र मी तीनदा वाचलं. एकाच फटक्यात चेंडू भोकात गेला, तरीही भरपाई! असा फटका बसला की त्या बहाद्दराने क्लबात सगळ्यांना पाजायची, असा रिवाज आहे; म्हणजे कौशल्य तुमचं आणि बिलही तुमचंच. त्या बिलाचा हा विमा. हौशी खेळाडूला असा फटका साडेबारा हजारांत एकदा साधतो असं धरतात. आमच्याकडे मुलगा बोर्डात आला की पेढ्यांचा खर्च अंगावर यायचाच, पण त्याचा विमा काढावा हे एल.आय.सी.च्या एजंटालाही कधी सुचलं नाही.

आमच्या चौकडीत साहेब, आमचे चिनी हिशेबनीस, मी आणि कोथरूडचे काका. काका आमच्याच कंपनीतून निवृत्त झाले आहेत, वीस वर्षं सिंगापुरात आहेत, आणि मंडळाच्या गणपतीत अथर्वशीर्षाच्या आवर्तनांची मोजणी त्यांच्याकडे असते. गोल्फमध्येही ते मोजणीलाच असतात. ‘फटका कसाही मार रे बाबा,’ ते मला बोटीत म्हणाले, ‘पण साहेबांचे फटके मोजू नकोस. ते काम वरच्यावर सोपवायचं.’

धक्क्यावर सामानाची रांग पाहिली तर एखाद्या संस्थानाचं शस्त्रागार हलवत आहेत असं वाटावं. नियमाप्रमाणे पिशवीत चौदापेक्षा जास्त काठ्या ठेवता येत नाहीत. म्हणजे कमाल मर्यादा घालावी लागली, इतकी हाव होती! चेंडू व्यासाने बेचाळीस मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा. भोक सव्वाचार इंचाचं, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. त्या लिंबाने त्या वाटीत पडावं यासाठी चौदा काठ्या. आमच्या आजोबांनी एका काठीवर म्हैस, भाऊबंद आणि तलाठी असे तिन्ही सांभाळले.

बिंतानला उतरल्यावर साहेब आपला लाल सिंगापुरी पासपोर्ट दाखवून भुर्रकन बाहेर पडले. मी निळा पासपोर्ट घेऊन व्हिसाच्या खिडकीशी गेलो आणि पाच लाख मोजले. रुपिया, रुपये नव्हे. आपले तीन हजारही नसतील. पण खिशातून पाच लाख काढून खिडकीवर ठेवताना पाठीचा कणा जरा ताठ होतोच. इथली भाषा ऐकताना मराठी माणसाला सारखं कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं होतं. नवऱ्याला ‘सुआमी’ म्हणतात, बायकोला ‘इस्त्री’, दंडाला ‘देंदा’. संस्कृत समुद्र ओलांडून गेली, धर्मभ्रष्टही झाली नाही आणि परतही आली नाही, तिथेच संसाराला लागली. खर्चाला ‘बिआया’ म्हणतात. तो आपला ‘व्यय’. हा शब्द मला त्या दोन दिवसांत कोणत्या कागदावर दिसला नाही ते विचारा.

आता ‘छोट्या बेटावर वीकएंड’ या शब्दांबद्दल. ऑफिसात सगळे बिंतानला ‘तो छोटा आयलंड’ म्हणतात. बिंतान सिंगापूरपेक्षा मोठं आहे! सिंगापूर सगळं मिळून साधारण ७३५ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईपेक्षा जरासं मोठं. म्हणजे छोट्या बेटावरची माणसं जागा पुरत नाही म्हणून मोठ्या बेटावर जातात आणि त्याला छोटं म्हणतात. माणूस मोठा झाला की त्याचं गाव आपोआप लहान होतं, त्यातलाच प्रकार.

जागेचा हा विषय सिंगापुरात नाजूक आहे. २०१४ साली सरकारने हिशेब मांडला तेव्हा गोल्फच्या मैदानांखाली सुमारे १,५०० हेक्टर जमीन होती, देशाच्या दोन टक्के. पाचांतले जवळपास चार जण सरकारी गृहमंडळाच्या फ्लॅटांत राहतात आणि दोन टक्के देश चेंडू लोळवायला, हे सरकारलाही खुपलं असावं. तेव्हापासून एकेका क्लबाची लीज संपली की सरकार ‘बरंय मग’ म्हणतं. केपेल क्लबाच्या जागी घरं येणार आहेत. मरीना बेचं मैदान २०२४ मध्ये बंद झालं. पण सगळ्यांत मजा झाली ती जुरोंगची. क्वालालंपूरहून येणाऱ्या वेगवान रेल्वेचं स्टेशन बांधायचं म्हणून जुरोंग कंट्री क्लबाची ६७ हेक्टर जमीन घेतली. त्याच रेल्वेसाठी पुढे रॅफल्स कंट्री क्लबाचीही घेतली. क्लब गेले, गवत गेलं, म्हातारे सभासद हळहळले. आणि १ जानेवारी २०२१ ला दोन्ही देशांनी जाहीर केलं की रेल्वेचा करार संपला. गाडी येणार म्हणून फलाटावरच्या माणसाला उठवलं आणि मग गाडीच रद्द! मध्य रेल्वेवर वाढलेल्या माणसाला या बातमीने जे घरच्यासारखं वाटलं, ते सिंगापुरात मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

हिशेबनिसांनी बोटीत कॅल्क्युलेटर काढला. चार खोल्यांचा फ्लॅट साधारण नव्वद चौरस मीटर. जुरोंगच्या त्या मैदानावर नुसते एकाला एक लावून अंथरले तरी सात हजार चारशे फ्लॅट बसतात. ‘एकावर एक चढवले तर?’ मी विचारलं. त्यांनी कॅल्क्युलेटर बंद केला. त्यांचा मुलगा लग्नाचा आहे आणि फ्लॅटच्या सोडतीत दोनदा नापास झाला आहे.

तर अशी हाकललेली हौस तासाभराच्या बोटीने बिंतानच्या उत्तर किनाऱ्यावर, लागोईला, येऊन उतरते. १९९० साली सिंगापूर आणि इंडोनेशियाच्या सरकारांनी रिआऊ प्रांताच्या विकासाचा करार केला, त्यातून ही किनारपट्टी रिसॉर्टांसाठी राखून ठेवली गेली. फाटक, पहारा, आत सारवल्यासारखे रस्ते. जमिनी ज्यांच्या होत्या ते मोबदला कमी मिळाला म्हणून २००० साली रस्त्यावर उतरले होते. आता ते, किंवा त्यांची मुलं, फाटकाच्या आत येतात तेव्हा गणवेशात येतात.

आमच्या वाट्याला आलेली कॅडी तिशीची असेल. डोक्यावर मागून मानेवर झुलणारी टोपी, हातमोजे, आणि चेहऱ्यावर डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टची शांतता. पुरुषमाणसाला आदराने ‘पाक’ म्हणतात. त्यामुळे माझा प्रत्येक फटका झाला की ‘गुड शॉट, पाक’ असं ऐकू यायचं आणि मला उगाच गुलाबजाम आठवायचे. पहिला फटका मी मारला तेव्हा चेंडू जागेवरच होता. काठी मात्र बरीच पुढे जाऊन पडली. ‘गुड शॉट, पाक.’ दुसऱ्या फटक्याला चेंडू हलला, पण मागे. ‘गुड शॉट, पाक.’ कौतुकाचा हा ठरीव दर पाहून मला आमच्या कंपनीच्या वार्षिक मूल्यमापनाची आठवण झाली.

सिंगापुरात मैदानावर पाय टाकायला एकतर हँडिकॅप लागतो, नाहीतर परीक्षा देऊन मिळवलेलं प्रोफिशियन्सी सर्टिफिकेट. इथे माझ्याकडून फक्त कार्ड मागितलं, तेही बँकेचं. हँडिकॅप ही चीज मला काकांनी समजावली. आपण किती वाईट खेळतो याचा तो अधिकृत आकडा. जास्तीत जास्त चोपन्न. चांगल्या माणसाने वाइटाला तेवढे फटके माफ करायचे. ‘म्हणजे आरक्षण?’ मी विचारलं. काका एकदम गंभीर झाले. मायदेशी या विषयावर त्यांची मतं फार कडक आहेत. त्यांचा स्वतःचा हँडिकॅप एकतीस आहे आणि तो ते एकानेही कमी करू देत नाहीत.

तिसऱ्या भोकाशी वानर आलं. लांब शेपटीचं, या बेटांवर सगळीकडे दिसतं तसलं. ते झाडावरून उतरलं, हिरवळीवर चालत गेलं, साहेबांचा चेंडू उचलला, हुंगला, चावून पाहिला आणि घेऊन निघालं. सगळे स्तब्ध. मग नियम निघाले. जनावर म्हणजे ‘बाहेरचा हस्तक्षेप’. त्याने चेंडू उचलला तर दंड नाही, होता तिथे दुसरा ठेवायचा. प्रश्न एवढाच, की चेंडू होता कुठे? साहेबांच्या मते तो भोकापासून हातभर अंतरावर होता. वानर ज्या जागेवरून उठलं ती जागा मला इथून दिसत होती आणि ती निदान पंचवीस पावलं मागे होती. मी हिशेबनिसांकडे पाहिलं. ते आकाशाकडे पाहत होते. काकांकडे पाहिलं. काका बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटाला नाडी नाही, वेल्क्रो आहे. कॅडीने पुढे होऊन हातभर अंतरावर नवा चेंडू ठेवला. साहेबांनी काठी टेकवायच्या आतच आम्ही तिघे म्हणालो, ‘दिला, दिला!’ गोल्फमध्ये याला ‘गिमी’ म्हणतात. चेंडू इतका जवळ आहे की मारायची गरज नाही, गेला असं समजू. गोट्या खेळताना आम्ही गलीपाशी वीतभरावरून चुकलेल्याला असं कधी समजून घेतलं नव्हतं. पण आमच्या गोट्यांत कुणाच्या हाती कुणाची बढती नव्हती.

वानर फांदीवर बसून हे सगळं पाहत होतं. संपूर्ण वीकएंडात चेंडू हा खाण्याजोगा नाही, एवढी सत्य माहिती फक्त त्यानेच मिळवली.

मी दुपारपर्यंत वाळूत होतो. गोल्फच्या मैदानात मुद्दाम खड्डे खणून वाळू भरतात आणि मग त्यात जाऊ नये म्हणून धडपडतात. फटक्याआधी काठीने वाळू चाचपून पाहिली तर दंड, आणि बाहेर आल्यावर आपल्या पावलांचे ठसे दाताळ्याने पुसायचे. गुन्ह्याचा माग मिटवण्याची अशी सक्ती अन्य खेळात नाही. सातव्या भोकाच्या त्या खड्ड्यात मी सहा फटके मारले. दरवेळी वाळूचा फवारा वर, चेंडू खाली. ‘उडवू नकोस रे इतकी,’ काठावरून काका म्हणाले, ‘या वाळूला किंमत आहे.’

किंमत म्हणजे, आहेच. सिंगापूर स्वतंत्र झालं तेव्हा ५८१ चौरस किलोमीटर होतं. उरलेलं समुद्रात भर घालून केलं, आणि त्या भरावातली पुष्कळ वाळू या रिआऊ बेटांच्या भोवतालून उपसलेली. सरहद्दीवरचं निपाह नावाचं चिमुकलं बेट त्या उपशापायी जवळजवळ पाण्याखाली गेलं. तेव्हा जाकार्ताला जाग आली, कारण बेट बुडालं तर हद्दही मागे सरकणार. मग त्याच बेटावर भर घालून ते परत उभं करावं लागलं. २००३ मध्ये इंडोनेशियाने समुद्रातल्या वाळूची निर्यात बंद केली, २००७ मध्ये जमिनीवरचीही. वाळूचा प्रवास बंद झाला. खेळाडूंचा चालू आहे. विचार करा, सिंगापूरने इथली वाळू नेऊन जमीन केली, त्या जमिनीवर घरं झाली, घरांमुळे मैदानं हटली, आणि मैदानासाठी आम्ही पैसे भरून त्याच वाळूत परत येऊन पडलो. मी सहाव्या फटक्यानंतर चेंडू हाताने उचलून बाहेर टाकला. ‘गुड शॉट, पाक,’ कॅडी म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात पहिल्यांदाच खरेपणा जाणवला.

संध्याकाळी कार्डं भरली. साहेब एक्याण्णव. काका, हिशेबनीस त्यांच्या मागे, अदबीच्या अंतरावर. माझा आकडा कार्डावरच्या चौकटीत मावेना म्हणून कडेला लिहिला. मग जेवण, मग कराओके, मग साहेबांचं भाषण. खेळाने माणसाचा प्रामाणिकपणा कळतो, कारण इथे पंच नसतो, असं ते म्हणाले. वानराचा उल्लेख त्यांनी विनोद म्हणून केला. आम्ही हसलो. मी जरा जास्त हसलो, असं काकांचं म्हणणं आहे.

रविवारी सकाळी मी धीर करून सुचवलं की तांजुंग पिनांगला जाऊ, तिथून लहान होडीने पेन्येंगात बेटावर. ते खरंच छोटं बेट आहे, पायी फिरून होण्यासारखं. पिवळीधमक जुनी मशीद, तिच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक कालवला होता असं लोक सांगतात. शिवाय राजा अली हाजींची कबर, ज्यांनी एकोणिसाव्या शतकात मलय भाषेचं व्याकरण लिहिलं. व्याकरणकाराची कबर लोक जपून ठेवतात, हे पाहायला कुणाही मराठी माणसाने कुठवरही जावं. साहेबांनी आस्थेने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तिथे किती होल्स आहेत?’

परतीला बोट संध्याकाळी सहाला सुटली आणि आठला लागली. बिंतानने जाताना हातावर ठेवलेला तास सिंगापूरने जकातीसारखा वसूल केला. खिडकीबद्दल काही बोलणं झालं नाही. साहेब धक्क्यावर एवढंच म्हणाले, ‘पुढच्या वेळी तू फटके मोज. तुझं लक्ष चांगलं असतं.’ हे कौतुक की धमकी, यावर काका आणि मी टॅक्सीत घरापर्यंत बोलत होतो.

आमच्या इमारतीचा तळमजला मोकळा असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. मलयांची लग्नं आणि चिन्यांचे अंत्यविधी तिथेच होतात. मधल्या वेळात तो रिकामा असतो. मुलगा खाली आलाच होता, हातात छत्री. मी खिशातून रिसॉर्टच्या शिक्क्याचा एक चेंडू काढून त्याला दिला. त्याने तो फरशीवर ठेवला, छत्री उलटी धरली आणि मारला. चेंडू खांबाला लागला, वळला, पावसाचं पाणी जायला भिंतीच्या पायथ्याशी जे गोल भोक ठेवलेलं आहे तिथवर घरंगळत गेला, काठावर क्षणभर घुटमळला आणि आत पडला. भोकाच्या बरोब्बर वर पाटी आहे : ‘येथे चेंडूचे खेळ खेळण्यास मनाई आहे.’

एका फटक्यात! पॉलिसी रात्री बारापर्यंत चालू होती. मी तिथूनच हिशेबनिसांना फोन लावला.

‘पॉलिसी तुझ्या नावावर आहे. फटका कुणी मारला?’ त्यांनी विचारलं.

‘ते समजून घ्या हो. चेंडू तर माझाच.’

‘बरं, समजलं,’ ते म्हणाले. ‘आणि भोकावर क्लबाचा शिक्का?’